पाटी वाचणारा परत जातो

ज्यांच्या सहीने आमच्या तलावाचा काठ उघडतो आणि बंद होतो, त्या सर्वांना: पाटबंधारे शाखेचे अभियंते, गावाचा पाणीपुरवठा सांभाळणारे, काठावरच्या ग्रामपंचायती आणि तालुक्याचे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

तलावाचं नाव मी लिहीत नाही. मराठवाड्यात असे तलाव तालुक्यातालुक्यात आहेत. लांबलचक मातीचा भराव, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग, एका टोकाला सांडवा, पाण्यात उभी जॅकवेल, म्हणजे गावासाठी पाणी उपसायची विहीर, आणि तिच्याकडे जाणारा अरुंद पूल. पाणी आधी तालुक्याच्या गावाला प्यायला, आणि वर्ष बरं गेलं तर कालव्याला. अलीकडे भरावाच्या तोंडाशी एक साखळी आणि एक पाटी आली आहे. हे पत्र त्या पाटीबद्दल आहे.

जानेवारीत एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीची मुलं घेऊन मी तलावाकडे चालत गेले. अडतीस मुलं, प्रत्येकाच्या पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. साखळीपाशी आलो आणि पुढच्या दोघांनी पाटी मोठ्याने वाचली: प्रवेश निषिद्ध, पिण्याच्या पाण्याचा साठा, आदेशावरून. सगळी थांबली. मीही थांबले, कारण पाटी वाचून थांबायला मीच त्यांना शिकवलं आहे. आम्ही वळतोय तोच मागून एक जीप आली. साखळीच्या बाजूला येड्या बाभळींमधून चाकांनी पाडलेली वाट होती, त्या वाटेने ती सरळ काठावर उतरली. मागे शेगडी होती, पातेलं होतं, खोकी होती. एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना वाचता येत नाही का?" परतीच्या वाटेवर मी मुलांना करडई दाखवली, ज्वारीची कणसं दाखवली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे मागायला हे पत्र लिहिते आहे.

त्या दिवसानंतर मी वेगवेगळ्या वेळी तलावावर जाऊन लांबून पाहत राहिले. पाटी लागण्याआधी संध्याकाळी भरावावर कोण यायचं? पाठीचं दुखणं असलेल्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बाया. निवृत्त झालेली माणसं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली आणि त्यांच्या आया. रविवारी लेकराबाळांसह भाकरी-ठेचा बांधून येणारी घरं. पाटी लागल्यावर ही सगळी मंडळी यायची बंद झाली. जी माणसं राहिली, ती बाटली आणि पातेलं घेऊन येणारी, गाडी पाण्यात घालून धुणारी, अंधार पडल्यावर काठावर बसणारी. बंदी सगळ्यांवर होती. ती पाळली फक्त त्यांनी, ज्यांच्यामुळे काठ सुरक्षित होता. चार बाया रोज चालत असतील तिथे बाटली फोडायला माणूस कचरतो. त्या गेल्या, आणि काठाला पाहणारं कुणी उरलं नाही.

पाटी का लागली हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी दोन मुलं बुडाली. एक माझा जुना विद्यार्थी. त्याच्या घरी मी जाऊन आले. त्या आईसमोर बसल्यावर पाटी चुकीची आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण मुलं कशी बुडाली, हे त्या पाटीवर कुठेच लिहिलेलं नाही. ती बुडाली काठापासून वीस-पंचवीस पावलांवर, कमरेइतक्या पाण्यात चालता चालता. उन्हाळ्यात तिथला गाळ काढला होता. गाळ काढणं चांगलंच आहे. शेतात काळी माती पडते, तलावात पाण्याला जागा होते. पण यंत्राने खणलेला खड्डा उभ्या भिंतीचा राहतो, उतार राहत नाही. पावसाळ्यात पाणी त्यावरून सपाट होतं आणि वरून पाहणाऱ्याला खालचं काहीच कळत नाही. ज्याचा पाय तिथे पडतो तो एकदम डोक्याइतक्या पाण्यात जातो, आणि पुन्हा वर येण्यासाठी पाय टेकायला खाली असतो फक्त भुसभुशीत गाळ.

याहून धोकादायक आहेत त्या बुडालेल्या विहिरी. माझे वडील या तलावावर चौकीदार होते. आम्ही वसाहतीतल्या दोन खोल्यांत वाढलो. रोज सकाळी आठ वाजता ते पातळीपट्टीवरचा आकडा वहीत लिहायचे आणि कार्यालयात कळवायचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मला बरोबर घेऊन पूर्वेच्या काठाने फिरायचे आणि दाखवायचे, ही अमक्यांची विहीर, ही तमक्यांची. बुडीत क्षेत्रातली गावं उठली, घरांचे वासे लोकांनी काढून नेले, विहिरी मात्र जागच्या जागी राहिल्या. त्या बुजवल्या गेल्याच नाहीत. काठावरच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या जागा पाठ आहेत, कारण त्यांनी त्या विहिरींचं पाणी प्यायलेलं आहे. ती पिढी चालली आहे. तिच्यानंतर या जागा कुणालाच ठाऊक नसतील.

दोन मुलांचा जीव घेतला तो तलावाबद्दलच्या अज्ञानाने. तलाव बंद केला की हे अज्ञान वाढतं. ज्या मुलाने बापाचं किंवा मास्तरांचं बोट धरून काठ पाहिला नाही, तो सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर चोरून येतो, आणि तेव्हा त्याला सांगायला जवळ कुणी नसतं.

आता पाण्याच्या शुद्धतेबद्दल. इथे मी तुमच्या बाजूची आहे, आणि कदाचित तुमच्याहूनही कडक. पिण्याच्या तलावात पोहणं नको, आंघोळ नको, कपडे नकोत, गाडी धुणं नको, मूर्ती नको, निर्माल्य नको, मोटारबोट नको. लोक म्हणतात, एवढं मोठं पाणी, त्यात एक माणूस उतरला तर काय बिघडतं, पुढे शुद्धीकरण केंद्र आहेच. मुलांना शिकवायचं म्हणून एकदा मी शुद्धीकरणाची सगळी पद्धत नीट समजून घेतली. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जातं, शेवटी क्लोरीन. क्लोरीन बहुतेक जंतू मारतो, पण सगळे मारत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी, जो माणसाच्या आणि गुरांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, तो नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला दाद देत नाही. त्याला अडवायचं काम वाळूचा थर नीट चालला तरच होतं. म्हणजे पाणी राखायची पहिली जागा तलावाचा काठच. साबण आणि खतं पाण्यात उतरली की उन्हाळ्यात शेवाळ धरतं, पाण्याला वास येतो, गाळण्या तुंबतात. हे सगळं मान्य करूनच मी पुढचं मागणं मागते आहे.

फक्त एक गोष्ट नीट तोलून पाहावी. या तलावात जे काही चुकीचं जातं, त्यातलं सहलीला आलेल्या घराचं किती आणि इतरांचं किती? वरच्या गावांची गटारं ज्या ओढ्यांत सोडली आहेत, ते ओढे इथेच येतात. पाणी उतरलं की गाळपेर जमिनीवर पिकं घेतली जातात. तो धरणग्रस्तांचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण तिथे मारलेली औषधं पुढच्या पावसात थेट साठ्यात जातात. पिण्याच्या तलावाच्या गाळपेरीत फवारणीला मनाई हवी, आणि त्या शेतकऱ्यांना त्याची भरपाई मिळायला हवी. गटारं आणि फवारणी जशीच्या तशी ठेवायची आणि भरावावर चालणारी बाई बंद करायची, याने पाणी शुद्ध होत नाही.

मी तेव्हा लातूरला नोकरीला होते. २०१६ चा उन्हाळा. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण, जिथून लातूर पाणी पितं, ते कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पहिलं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत तेव्हा प्रत्येकाला टँकर कधी येणार हे पाठ होतं, ड्रम किती लिटरचा हे पाठ होतं. पण एके रात्री रांगेत उभ्या असताना मी बायांना विचारलं, धनेगावचं धरण कुणी पाहिलंय का? सतरा-अठरा जणींत एकीने पाहिलं होतं, तेही एसटीतून जाताना. ज्या पाण्यासाठी आम्ही अर्धी रात्र जागत होतो, ते कुठून येतं हे आम्ही कधी जाऊन पाहिलं नव्हतं. धरण आटत चाललं होतं तेव्हा ते आम्हाला दिसलं नाही. नळ कोरडा झाला तेव्हाच कळलं. त्याच वर्षीच्या पावसात मांजरा पुन्हा भरलं आणि ड्रम गच्चीवर गेले.

गेल्या वर्षी मी सातवीला चित्र काढायला सांगितलं: आपलं पाणी कुठून येतं? बहुतेकांनी नळ काढला. काहींनी टँकर काढला. नऊ मुलांनी निळा जार काढला, वीस लिटरचा, वर नाव छापलेला. तलाव काढला तिघांनी, आणि ते तिघंही काठावरच्या वस्तीतले होते. तलाव शाळेपासून साडेतीन किलोमीटरवर आहे.

पाणी पुरवणारी जागा आणि बसायची जागा वेगळी असते, ही कल्पना आपल्या भागाची नाही. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली, आणि पुढे अठराव्या शतकात उभी राहिलेली पाणचक्की आजही लोक सहकुटुंब पाहायला जातात. तिथल्या हौदाशी, वडाच्या सावलीत बसतात. जिथे पाणी दळायच्या कामाला लावलं, तिथेच माणूस टेकायला येई. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव पाहा, पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ती बांधणाऱ्याने पाणी तर जपलंच, पण त्याच्यापर्यंत जायची वाटही इतकी सुंदर केली की माणसाने हळूच उतरावं. कंधारचा जगत्तुंग तलाव राष्ट्रकूटांच्या काळापासून गावाच्या कुशीत आहे. गावोगावच्या ओढ्यावर तर नियमच होता: वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याच्या खाली गुरं, सगळ्यात खाली धुणं. काठ मोकळा होता आणि तरी कुठे काय करायचं ते ठरलेलं होतं.

त्याच पाणवठ्यांवर माणसांना जातीवरून अडवलं गेलं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी विसरून लिहीत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांच्या आजोबा-पणजोबांना आपल्याच गावच्या पाण्यावर जाता येत नव्हतं. म्हणून या भागात पाण्यापाशी 'प्रवेश निषिद्ध' लिहिताना हात जरा थांबायला हवा. कारण सांगावं, मर्यादा सांगावी, आणि वाट कुठून आहे तेही सांगावं. नुसत्या निषिद्ध या शब्दाने दुखणारी माणसं इथे आहेत.

मागणं सांगते. संपूर्ण तलाव उघडा असं मी म्हणत नाही. जॅकवेल, तिचा पूल, कालव्याला पाणी सोडायची मोरी आणि सांडव्याचे दरवाजे या भागात कुणीही जाऊ नये, तिथे साखळी नव्हे, पक्कं कुंपण हवं. धरणाची सुरक्षितता हा चर्चेचा विषयच नाही. पण जॅकवेलपासून लांब, पूर्वेच्या काठाने, पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या, वरून एक पायवाट आखून द्या. अर्धा किलोमीटर असली तरी चालेल. पाण्याच्या आणि वाटेच्या मध्ये करंज-बांबूची दाट पट्टी लावा, म्हणजे झाडांमधून पाणी दिसेल पण उतरावंसं वाटणार नाही. वाहनं मुख्य रस्त्यालाच थांबली पाहिजेत, आणि त्यासाठी बाभळीतली ती चाकोरी आधी चर खणून बंद झाली पाहिजे. नुसतं एवढं केलं तरी जीप काठावर येणार नाही, कारण पातेलं आणि खोकी खांद्यावर घेऊन कुणी अर्धा कोस चालत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच वाट उघडी. अन्न शिजवायचं नाही, घरून आणलेला डबा चालेल, कचरा आणला तसा परत न्यायचा.

शौचालयाचं मी आग्रहाने लिहिते, कारण बैठकीत हा विषय शेवटी येतो आणि राहून जातो. जवळ शौचालय नसेल तर लोक काठाचंच शौचालय करतात, आणि मघाशी सांगितलेला परजीवी असाच पाण्यात येतो. बाया तर शौचालय नसेल तिथे यायचंच टाळतात. रस्त्याच्या अंगाला, पाणलोटाच्या बाहेर उतार असलेल्या बाजूला, टाकीचं पक्कं शौचालय, त्याला पाणी आणि ते धुणारं माणूस. हे होणार नसेल तर वाटही उघडू नका, मी त्याला विरोध करणार नाही.

तुमच्याकडे माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे. वडिलांच्या वेळी या तलावावर चौघं होते, आता एका माणसाकडे तीन तलाव आहेत. म्हणूनच सुचवते, की वाट सांभाळायचं काम ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्या गावांतल्या तरुण-तरुणींना द्या. प्रत्येकी पाच-दहा रुपये घ्या, शाळेच्या मुलांना माफी ठेवा, आणि ते पैसे त्याच ग्रामपंचायतीच्या खात्यात वेगळे राहू द्या. ही मुलं तालुक्याला जाऊन गॅरेजात हवा भरतात. त्यांच्या आजोबांच्या विहिरी कुठे आहेत हे सांगायचे पैसे त्यांना मिळाले तर बरं होईल. मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या वर्षानुवर्षं पाण्यावर आहेत. बुडणाऱ्याला त्यांनीच आजवर काढलं आहे. त्यांनाही या कामात घ्या, त्यांना बाजूला सारून काही करू नका.

आणि पाटी बदला. पहिली ओळ अशी असावी की हे पाणी किती गावांचं आहे. मग आजचा साठा, रोज खडूने बदलता येईल असा. किती भरलाय, त्यातलं उचलता न येणारा मृतसाठा किती, उरलेलं किती दिवस पुरेल. पिण्याचं आरक्षण १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरतं, तो हिशोब तुमच्या कार्यालयात असतोच, तो इथे लोकांसमोर येऊ द्या. त्याखाली विहिरींच्या आणि गाळखड्ड्यांच्या जागा दाखवणारा नकाशा. त्याखाली काय करायचं नाही, आणि प्रत्येकासमोर का. शेवटी अडचण आली तर फोन कुणाला करायचा. माणसाला कारण सांगितलं की तो ऐकतो. सगळे ऐकणार नाहीत, पण आता जे परत जातात त्यांतले बहुतेक ऐकतील, आणि तेच काठावर असतील.

लोक आले की पक्षी जातील, असं काही पक्षीप्रेमी मित्र म्हणतात. त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात हे पैठणकरांना सांगायला नको. आमच्या लहानशा तलावावरही हिवाळ्यात चक्रवाक येतात, काळे वारकरी पाण्यावर माळेसारखे तरंगतात, उथळ पाण्यात शेकाटे लांब पाय टाकत फिरतात. एखाद्या वर्षी हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हरभऱ्यात चरताना दिसतात. फुगवट्याचा, म्हणजे पाणी पसरतं त्या वरच्या टोकाचा, उथळ भाग, जिथे हे पक्षी असतात, तो पायवाटेपासून दूर आहे आणि तो बंदच राहावा. पक्ष्यांना चालणाऱ्या शांत माणसाचा त्रास होतो त्याहून जास्त त्रास गाडीच्या स्पीकरचा होतो, आणि आज काठावर वाजतात ते स्पीकरच.

हे सगळं एका वर्षापुरतं करून पाहा. पावसाळा संपल्यावर वाट उघडा, होळीपर्यंत ठेवा, पुढे पाणी उतरलं आणि चिखल उघडा पडला की बंद करा. उन्हाळ्यात काठ बंद ठेवायला माझी पूर्ण संमती आहे, कारण तेव्हा गाळात पाय रुततो आणि उरलेलं थोडकं पाणी लवकर बिघडतं. शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या कच्च्या पाण्याची तपासणी होतच असते. आधीच्या हिवाळ्याचे आकडे आणि त्या हिवाळ्याचे आकडे शेजारी शेजारी मांडा. पाणी बिघडलं असेल तर साखळी पुन्हा लावा. ती लावायला मी स्वतः येईन.

एक काम मात्र वाटेची परवानगी मिळो न मिळो, याच मे महिन्यात व्हायला हवं. पाणी खाली गेलं की पूर्वेच्या काठाच्या विहिरी उघड्या पडतात. वडिलांनी दाखवलेल्या अकरा जागा मला आठवतात, काठावरच्या वस्तीतल्या दोन वृद्धांना त्याहून जास्त ठाऊक आहेत. त्यातले एक आता काठी घेऊनच चालतात. तुमच्यापैकी कुणीतरी नकाशा आणि खुणेचे खांब घेऊन एक सकाळ या. सहा वाजता निघालो तर ऊन चढायच्या आत सगळ्या विहिरी पाहून होतील. मी आणि ते दोघं साखळीपाशी थांबलेलो असू.

आपली,
तलावाच्या जुन्या चौकीदाराची मुलगी, आणि सातवीच्या वर्गाची शिक्षिका